हिमनगाचा दहावा

डी-९४ नावाच्या हिमनगाचा दहावा गेल्या मंगळवारी रामकुंडावर यथासांग पार पडला. साठ माणसं हजर होती, एकाचं मुंडण झालं आणि शेवटी सगळ्यांनी भजी खाल्ली.

असं काहीही घडलेलं नाही. श्रमसाफल्य कॉलनीत कुणालाही विचारा. तो आधी गेटकडे बघेल, मग आभाळाकडे, आणि मग विचारेल, कुठला हिमनग? रविराज बोरस्तेच्या डोक्यावर केस का नाहीत असं विचारलंत, तर ऊन फार वाढलंय असं उत्तर मिळेल. तेव्हा पुढची हकीकत घडलेलीच नाही हे धरून वाचावी. वाचताना कुणी आलं तर पान उलटावं.

नाशिकला द्वारका चौकातून पुणे रोडला लागलं की डाव्या हाताला आत ही कॉलनी. गेटाशी एक फळा आहे. तो गेली बावीस वर्षं रविराजचे वडील, खंडेराव बोरस्ते म्हणजेच आप्पा, लिहीत आले. आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या बोर्डावर सटाणा, इगतपुरी ही नावं त्यांनी इतकी देखणी लिहिली की गाडी नसतानाही लोक इगतपुरीला जायचा विचार करत. निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीचा फळा धरला आणि त्याला शिस्त लावली. पांढरा खडू मयतीला. पिवळा, पाणी येणार नाही त्या दिवसासाठी. गुलाबी आनंदाला, म्हणजे बारावीचा निकाल, नात झाली, कुणाची बदली रद्द झाली. या बावीस वर्षांत आप्पांनी दोनशे बारा मयती लिहिल्या आणि एकीचीही वेळ चुकली नाही. मयत उशिरा निघाली असेल, फळा चुकला नाही.

दिवाळीनंतर आप्पांचा हात थरथरू लागला. आधी ते वेलांट्यांमध्ये दिसलं. मग एकदा एका कैलासवासींच्या नावाखाली मारलेली रेघ फळा ओलांडून भिंतीवर गेली आणि नळाच्या तोटीपाशी थांबली. एवढंच निमित्त अमोलभाऊ देवऱ्यांना पुरलं. देवरे हे कॉलनीतले भावी नगरसेवक. गेली नऊ वर्षं ते भावीच आहेत आणि आता त्यांना त्याची सवय झालीय. त्यांनी बैठकीत सुचवलं की फळा उतरवावा आणि तिथे लाल अक्षरं सरकणारा इलेक्ट्रिक बोर्ड लावावा. खर्च ते करणार. बदल्यात दोन्ही कोपऱ्यांत त्यांचा फोटो राहणार, तोही न सरकता.

बरीच वादावादी होऊन ठरलं की महिनाभर फळा रविराजने लिहून बघावा. एक जरी चूक झाली तरी फळा उतरणार. खडूंची पत्र्याची डबी आप्पांनी मुलाच्या हातात दिली आणि त्या दिवशी ते जेवायचं विसरले. आप्पा जेवण विसरणाऱ्यांतले नाहीत.

आता रविराजविषयी. तो पिंपळगावकडे द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. रोजचे सहा तास तो शून्य अंशात काढतो. माणूस ज्या हवेत राहतो तिथली खबरबात ठेवतो, तशी त्याने ध्रुवांची ठेवायला सुरुवात केली. सकाळी उठून आधी दक्षिण ध्रुवाचं तापमान, मग उत्तरेचं, मग दात घासणं. कुठे बर्फाला भेग गेली, कुठलं संशोधक जहाज अडकलं, अस्वलं कुठवर आली, सगळं त्याच्या बोटांवर. त्याच्या बायकोला, निकिताला, या अभ्यासाचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याची तारीख आठवत नाही, आणि पेंग्विनांची अंडी कधी फुटतात ते पाठ आहे."

"त्यांची तारीख पुढे ढकलली जात नाही," रविराज म्हणायचा. हे उत्तर त्याला बिनतोड वाटायचं. ते बिनतोड होतंही. म्हणूनच निकिता त्यानंतर दोन दोन दिवस बोलायची नाही.

डी-९४ वर त्याचा विशेष जीव होता. एकतीस वर्षांपूर्वी हा हिमनग अंटार्क्टिकापासून सुटला तेव्हा मुंबईएवढा होता. झिजत झिजत नाशिकएवढा झाला, आणि गेल्या महिन्यात देवळाली कॅम्पएवढा उरला होता. एका संध्याकाळी रविराजने मोबाइल उघडला तर उपग्रहाच्या फोटोत ढग, आणि ढगांच्या फटींतून नुसता समुद्र. खाली बातमी होती की डी-९४ फुटून नाहीसा झाला असावा.

रविराज बाल्कनीत आला. फळा आठ दिवस कोरा होता. कुणी गेलं नव्हतं आणि पाणीही येत होतं. फळ्यावर कधीतरी जगाचीही बातमी असावी असं त्याला वाटलं. खडू कुठला घ्यावा हा प्रश्न पडला नाही, कारण बर्फ पांढरा असतो. मजकूर कसा लिहावा हाही पडला नाही, कारण लहानपणापासून त्याने एकच मजकूर पाहिला होता. त्याने लिहिलं: कळविण्यास अत्यंत दुःख होते की, दक्षिण महासागरातील ज्येष्ठ हिमनग डी-९४ (वय ३१) यांचे दीर्घ झिजेनंतर निधन झाले. पुढील माहिती उद्या सकाळी ९ वाजता येथेच.

त्याला विनोद करायचा नव्हता. तसं असतं तर त्याने पिवळा घेऊन पाणी वाढल्याचं लिहिलं असतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नाही. श्रमसाफल्यमध्ये फळा कुणी वाचत नाही. लोक स्कूटर न थांबवता रंग आणि वेळ तेवढी टिपतात. कोण गेलं ते तिथे गेल्यावर कळतंच. आधी चौकशी करत बसणं बरं दिसत नाही.

सकाळी नऊ वाजता रविराज नवी माहिती लिहायला खाली उतरला, तेव्हा फळ्यापुढे पांढऱ्या कपड्यांत पंचेचाळीस माणसं उभी होती. देवरे हार घेऊन आले होते. सटाण्याच्या धोंडाबाई, ज्यांना कॉलनीत पहिलं रडण्याचा मान आहे, त्यांनी तो बजावून झाला होता आणि त्या आता पाणी पीत होत्या. सेक्रेटरी रावजी निमसे घड्याळ बघत होते. त्यांनी रविराजला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "बॉडी कधी येणार?"

"येणार नाही काका," रविराज म्हणाला. "विरघळली."

मग पहिल्यांदा सगळ्यांनी फळा वाचला. ओठ हलवत, सावकाश. नंतर जी शांतता पसरली तिच्यात दुःख कमी आणि हिशेब जास्त होता. कुणी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कुणी नाश्ता सोडला होता. मयतीला म्हणून निघालेला माणूस मयत न करता घरी गेला, तर बायकोला सांगणार काय? अशा वेळी पुढारी लागतो. देवऱ्यांनी हातातल्या हाराकडे पाहिलं, तो फळ्याच्या खिळ्याला घातला आणि घसा साफ केला.

त्यांचं भाषण अकरा मिनिटं चाललं. हिमनगाशी आपले घरोब्याचे संबंध होते, असं ते म्हणाले. इतक्या उंचीवर जाऊनही त्याचे पाय पाण्यातच राहिले. शांत, थंड डोक्याचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली ती कधीही भरून निघणार नाही. तरंगता बर्फ वितळला की पोकळी बरोब्बर तेवढ्याच पाण्याने भरून निघते हे रविराजला सांगायचं होतं, पण लोकांनी माना खाली घातल्या होत्या आणि त्याला तेवढी समज होती. दोन मिनिटं स्तब्धता झाली. मग देवऱ्यांनी, केवळ सवयीने, शेवटचं वाक्य उच्चारलं: दशक्रिया विधी पुढच्या मंगळवारी सकाळी आठ वाजता रामकुंडावर.

तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता येत नाही, आणि देवऱ्यांनी तर ते पंचेचाळीस माणसांसमोर उच्चारलं होतं. दुपारपर्यंत फ्लेक्सची ऑर्डर गेली. फ्लेक्सवाल्याने समोरून काढलेला, शक्यतो हसरा फोटो मागितला. संध्याकाळी चौकात भावपूर्ण श्रद्धांजली लागली. मधोमध देवरे, खाली शोकाकुल मित्रमंडळाचे सव्वीस चेहरे, आणि वर कोपऱ्यात टाचणीएवढा हिमनग. त्याचा नऊ दशांश भाग दिसत नव्हता, हे मात्र शास्त्राला धरून होतं.

पुढचे आठ दिवस रविराजला सल्ले मिळाले. दूधवाल्याच्या मते हिमनगाचं पाणी घरात शिंपडायला हवं होतं. नसेल तर फ्रीजमधला बर्फ चालेल, भाव महत्त्वाचा. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी खाजगीत विचारलं की मागे कोणी आहे का. रविराजने सांगितलं की लहान लहान तुकडे आहेत. ते गृहस्थ हळहळले आणि म्हणाले, असंच असतं. सुतक किती दिवसांचं यावर दोन मजल्यांत मतभेद झाले, तेव्हा धोंडाबाईंनी आपल्या अहिराणीत निकाल दिला. "तो लांबना शे. तीन दिन धरा, बस." आणि स्वतः तीन दिवस गोडाला शिवल्या नाहीत.

आप्पांनी या सगळ्यात एकदाच तोंड उघडलं. संध्याकाळी फळ्यासमोर उभं राहून त्यांनी तो मजकूर वाचला आणि म्हणाले, "वेळ बरोबर लिहिलीस. माणसं आली." पण त्यांची नजर खिळ्याला लटकणाऱ्या हारावर होती.

मंगळवारी रामकुंडावर गुरुजींनी कागद-पेन काढून नाव विचारलं. नाव सांगितलं. गोत्र विचारलं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलं की काश्यप धरतात, तसं धरलं. राहणार कुठले, या प्रश्नाला रविराजने प्रामाणिकपणे सांगितलं की कायमचा पत्ता नाही, प्रवाहाबरोबर असतात. गुरुजींनी कागदावर 'फिरती नोकरी' असं लिहिलं. मग त्यांनी विचारलं की केस कोण देणार, जवळचं कोण?

एकोणसाठ माणसं अर्धं पाऊल मागे सरली. रविराज तेव्हा कुंडाच्या पाण्याचं तापमान किती असेल याचा विचार करत होता.

त्याला पाटावर बसवलं. गुरुजींना मध्येच आठवण झाली आणि त्यांनी विचारलं, वडील आहेत ना? आहेत, असं रविराज म्हणाला. मग मुंडण करू नये, असं गुरुजी म्हणाले. पण तोवर वस्तरा कपाळापासून मानेपर्यंत एकदा फिरून आला होता. तसाच उठला असता तर रविराज डोक्यावर गल्ली घेऊन घरी गेला असता. उरलेलंही काढलं.

पिंड मांडले. कावळा येऊन समोरच्या कठड्यावर बसला आणि बसूनच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, तेव्हा लोकांनी हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. देवरे म्हणाले की यापुढे एसी चोवीसवर लावू. कावळ्याने पंख खाजवला. रावजी निमशांनी फ्रीजचं दार उघडं ठेवून विचार करत उभं न राहण्याचा शब्द दिला. धोंडाबाईंनी त्याच्या लेकरांकडे बघू असं सांगितलं, कशा ते सांगितलं नाही. निकिताने कोपराने नवऱ्याला ढोसलं. "अहो, बोला ना. तुमचाच होता."

रविराज बोलणार, तेवढ्यात त्याच्या खिशात फोन थरथरला. बातमी ताजी होती. डी-९४ सापडला. पंधरा दिवस त्यावर ढग होते म्हणून तो उपग्रहाला दिसला नव्हता. शेवटचा दिसला होता तिथून चाळीस किलोमीटर पूर्वेला तो निवांत तरंगत होता.

रविराजने फोन खिशात घातला आणि वर पाहिलं. कावळा त्याच्याकडेच बघत होता. सगळ्या रामकुंडावर ही गोष्ट फक्त त्या दोघांना ठाऊक होती, आणि त्यातल्या एकाने ती केव्हाच जाहीर केली होती.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी भज्यांकडे वळली.

दुपारी कोल्ड स्टोरेजमधली चार माणसं घरी आली. कुणीतरी रविराजचा रामकुंडावरचा फोटो पाठवला होता, आणि डोकं भादरलेला मुलगा पाहून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला होता. मान खाली, एकाच्या हातात हार. दार आप्पांनीच उघडलं. आप्पा म्हणाले, "या." ते चौघे आत आले नाहीत. एकाने धीर करून त्यांच्या पायांना हात लावला, पाय गरम आहेत का ते पाहिलं, आणि मग सगळेच जिना उतरले. रविराजच्या आई, कुसाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या की एका बर्फाच्या तुकड्यापायी माझं कुंकू लोकांनी पुसत आणलं. त्या दिवशी रविराजला आमटीत मीठ मिळालं नाही.

जेवण झाल्यावर तो आप्पांजवळ जाऊन बसला.

"आप्पा, तो गेलेला नाही. जिवंत आहे."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दोनशे बारा लिहिले मी," ते म्हणाले. "एकही परत आला नाही."

"कुणाला कळलेलं नाही अजून. ध्रुवांच्या बातम्या इथे कोण वाचतंय? मी गप्प बसलो तर फळा राहील."

"राहील."

"आणि खरं लिहिलं तर जाईल."

"जाईल."

मग आप्पा म्हणाले, "गप्प बसायचं असेल तर बस. पण मग तिथे खोटंच असणार असेल, तर देवऱ्याचं यंत्र काय वाईट? ते निदान सरकतं तरी."

रविराज उठला. त्याने डबीतून गुलाबी खडू काढला, खाली गेला, खिळ्यावरचा वाळलेला हार उतरवला आणि लिहिलं: कळविण्यास आनंद होतो की हिमनग डी-९४ (वय ३१) हयात आहेत. चूकभूल आमची.

गुलाबी रंग पाहून लोकांना वाटलं कुणीतरी पास झालं. दोघांनी पेढे मागितले. पण ज्याच्या अंगावर सुतक बसलेलं असतं तो नीट वाचतो. धोंडाबाईंनी वाचलं आणि त्या थेट बोरस्त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "तो जित्ता शे? मंग मी तीन दिन गोड खाधं नही, ते कोण भरी देई?" कुसाबाईंनी त्यांना वाटीभर शिरा दिला. तो खाऊन त्या म्हणाल्या की हा एका दिवसाचा झाला.

देवऱ्यांचं दुःख शिऱ्याने भागणारं नव्हतं. चौकातल्या त्यांच्या फ्लेक्सशेजारी विरोधकांनी दुसरा फ्लेक्स लावला होता: चिरंजीव हिमनग डी-९४ यास दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. त्यावर हिमनग मधोमध होता आणि मोठा होता. देवऱ्यांनी त्याच संध्याकाळी तातडीची बैठक बोलावली. पाण्याच्या टाकीखाली खुर्च्या मांडल्या. आप्पा मागच्या रांगेत बसले, मांडीवर डबी घेऊन, जप्तीला आलेल्या माणसांच्या हाती वस्तू स्वतःच द्यावी तसे.

देवरे म्हणाले की चूक झाली आहे, ती स्वतः लिहिणाऱ्याने गुलाबी खडूने कबूल केली आहे, ठरल्याप्रमाणे फळा उतरवा. टाळ्या पडल्या. रविराजने टोपी काढली, बहुधा माफी मागायला, आणि ते डोकं पाहून टाळ्या थांबल्या.

मग रावजी निमसे उठले. रावजींनी एकतीस वर्षं निवृत्तिवेतनाच्या टेबलावर काढली होती. एवढा वेळ त्यांच्या मनात भलतंच काहीतरी टोचत होतं.

"हिमनग जिवंत आहे," ते म्हणाले, "याला पुरावा काय?"

रविराजने फोनमधला फोटो दाखवला. रावजींनी तो हातभर लांब धरून पाहिला आणि परत दिला. फोटो चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या टेबलासमोर एकदा एक पेन्शनर स्वतः येऊन बसला होता, पाणी प्याला होता, भांडला होता, तरीही हयातीचा दाखला नसल्यामुळे तीन महिने तो कागदोपत्री मयतच राहिला. इथे तर हजर राहणंही नाही. पांढऱ्या खडूची नोंद झाली, तिच्यावर शोकसभा झाली, दहावा झाला, केस गेले; ती नोंद पूर्ण आहे. गुलाबी नोंदीला दाखल्याचा आधार नाही. दाखला नाही म्हणजे हयात नाही, हयात नाही म्हणजे पहिली नोंद बरोबर, आणि पहिली नोंद बरोबर असेल तर चूक कुठली?

"मग दाखला आला तर?" देवऱ्यांनी विचारलं.

"तर चूक. तोवर प्रकरण विचाराधीन. विचाराधीन प्रकरणाविषयी सभासदांनी कुठेही वाच्यता करू नये, असं मी इतिवृत्तात घेतो. आणि फळा जैसे थे."

"पण किती दिवस?"

"अर्जदार येईपर्यंत," रावजी म्हणाले.

मागच्या रांगेतून आप्पा उठले, पुढे आले आणि डबी रविराजच्या मांडीवर ठेवून घरी निघाले. जाताना त्यांनी कुसाबाईंना हाक मारून विचारलं की जेवायला काय आहे.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या शिक्क्यानिशी पुढील पत्र रजिस्टर पोस्टाने रवाना झालं. त्याची पोच अद्याप यायची आहे.

प्रति,
श्री. डी-९४,
दक्षिण महासागर (मुक्काम बदलता).

विषय: हयातीचा दाखला समक्ष सादर करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण हयात असल्याचे संस्थेच्या ऐकिवात आले आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, कार्यालयीन वेळेत, अलीकडच्या काळात समोरून काढलेल्या दोन फोटोंसह, आपण श्रमसाफल्य कॉलनीच्या कार्यालयात समक्ष उपस्थित राहावे. येताना न वितळता यावे, अंशतः उपस्थिती ग्राह्य धरली जाणार नाही, ही नम्र विनंती.